चूक पायात होती आणि मला पत्ता नव्हता

चपलेचा तळ ज्या बारक्या खिळ्यांनी ठोकतात त्यांना आमच्या धंद्यात चुका म्हणतात. एक चूक, दोन चुका. २०१९ च्या पावसाळ्यात मी माझ्याच जुन्या चपलेला टायरचा तळ लावला, आठ-दहा चुका मारल्या आणि ती घालून दिवसभर निपाणीत हिंडलो. दुकान उघडलं, बँकेत रांगेला उभा राहिलो, संध्याकाळी भाजी घेऊन घरी आलो. आत पाऊल टाकलं तशी आमची मंडळी म्हणाली, "अहो, फरशीवर हे डाग कसले?" मागं वळून बघतो तर डाव्या पावलागणिक रक्ताचा एक ठिपका. चप्पल काढून आत बोट फिरवलं, तर एक चूक वाकून वर आलेली. बोटाला टोचली तसा हात झटकन मागं आला. बोटाला लगेच कळलं ते पायाला सकाळपासून कळलं नव्हतं.

पस्तीस वर्षं लोकांच्या पायात चपला घालणारा माणूस मी. "नवी आहे, चार दिवस चावेल, तेल लावा" हे वाक्य किती वेळा बोललो असेन देव जाणे. आणि माझीच चप्पल मला चावत होती तर मी दोडक्याचा भाव करत होतो.

तेव्हा मला साखर, म्हणजे मधुमेह, निघून चौदा वर्षं झाली होती. त्या पावसाळ्याच्या आधी दोन वर्षं रात्री तळपायांची आग व्हायची. चादर लागली तरी सहन व्हायची नाही, पाय पलंगाबाहेर काढून ओल्या फरशीवर टेकवून झोपायचो. मग हळूहळू आग कमी झाली. मला वाटलं, गावाकडचा काढा लागू पडला. चौघा गिऱ्हाइकांना त्या काढ्याची चिठ्ठीसुद्धा लिहून दिली. आज त्या चौघांची माफी मागायला पाहिजे. आग थांबली होती ती नसा बऱ्या झाल्या म्हणून नव्हे, त्यांची बोलायची ताकदच संपत आली होती म्हणून. साखरेच्या माणसाचं दुखणं औषधाशिवाय आपोआप थांबलं, तर खूश व्हायच्या आधी पाय तपासून घ्यावा.

नस म्हटलं की आपल्याकडं लोकांना रक्ताची नस वाटते. इथली नस म्हणजे मेंदूला खबर नेणारी तार, पुस्तकात जिला मज्जातंतू म्हणतात ती. या तारेलाही जगायला रक्त लागतं आणि ते केसाहून बारीक वाहिन्यांतून येतं. वर्षानुवर्षं साखर चढी राहिली की त्या वाहिन्या खराब होतात, तारही आतून बिघडते. आणि शरीरातली सगळ्यांत लांब तार कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत जाते. खेड्यात लाइनीच्या शेवटच्या घरातला दिवा आधी मिणमिणतो तसंच हे. म्हणून सुरुवात बोटांच्या टोकांपासून, दोन्ही पायांत, सारखी. मोजा चढवावा तसा बधिरपणा वर सरकतो आणि गुडघ्याच्या आसपास आला की हाताच्या बोटांनाही मुंग्या सुरू होतात. मधुमेह असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना कधी ना कधी हा त्रास होतो.

एकाच पायात कमरेपासून कळ येत असेल तर मणक्याकडं बघावं लागतं. चालताना पोटरी भरून येते आणि उभं राहिलं की थांबते, असं असेल तर रक्ताचा पुरवठा तपासावा लागतो. दोन-दोन दुखणी एकदम असलेलीही माणसं असतात, म्हणून "साखरेचंच असणार" असं घरी बसून ठरवू नका.

घरच्या घरी करता येईल अशी एक तपासणी सांगतो. पैसा लागत नाही, दुसरं माणूस लागतं. आमच्याकडं हे काम नात करते आणि तिला हा खेळ वाटतो. मी आडवा पडून डोळे मिटतो. ती माझ्या दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला, अशी सहा ठिकाणी, बोटाचं टोक नुसतं टेकवते. एक-दोन सेकंद, पिसासारखं. दाबायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. लागलं की मी "डावा" किंवा "उजवा" म्हणतो. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर पाय धोक्यात आहेत असं धरून डॉक्टरकडं जायचं. पहिल्या दिवशी मी एकदाच बोललो. नात म्हणाली, "आजोबा, झोपलासा काय?"

दवाखान्यात हीच गोष्ट नीट मोजतात. १० ग्रॅम जोराला वाकणारा नायलॉनचा दोरा तळपायाला टेकवतात, सेकंदाला १२८ वेळा थरथरणारा धातूचा चिमटा अंगठ्याच्या हाडावर धरतात, टाचेमागं हातोडी मारून बघतात, पावलावरची नाडी चाचपतात. पाच-दहा मिनिटांचं काम, वर्षातून एकदा तरी व्हायलाच पाहिजे. एकदा पाय बधिर ठरला की त्याहून जास्त वेळा. माझ्या त्या चौदा वर्षांत हे कुणी केलं नव्हतं. रक्ताचा कागद बघायचा, गोळी वाढवायची, पुढचा पेशंट. आता मी काय करतो सांगू? आत गेल्या गेल्या चपला आणि मोजे काढून बसतो. उघडे पाय समोर दिसले की डॉक्टर बघतातच.

आमच्या भागात आणखी एक अडचण. आपण घरी मराठी बोलणार, आणि सरकारी दवाखान्यातला नवा डॉक्टर विजापूर-रायचूरकडचा असला की त्याला "मुंग्या येतात" म्हणजे काय ते कळेलच असं नाही. कन्नडचे तीन शब्द पाठ ठेवा: 'उरी' म्हणजे आग, 'जोमु' म्हणजे बधिरपणा, 'नोवु' म्हणजे दुखणं. नुसतं "पाय दुखतात" म्हटलं की दुखायची गोळी मिळते. बधिर आहे, आग होते, सुया टोचतात, कापसावर चालल्यासारखं वाटतं, चप्पल पायातून निसटली तरी समजत नाही, हे वेगवेगळं सांगायचं.

साखरेबद्दल नवीन काय सांगणार. तीन महिन्यांची साखर, एचबीए१सी, बऱ्याच जणांना सातच्या आसपास ठेवायला सांगतात, म्हाताऱ्या माणसाला थोडी सूट असते. माझी १०.४ होती. घाबरून मी एका महिन्यात जेवण निम्मं करायला निघालो, तेव्हा कोल्हापूरच्या डॉक्टरांनी थांबवलं. बरीच वर्षं चढलेली साखर दोन-तीन महिन्यांत धाडकन खाली आणली तर नसांची आग उलट भडकू शकते. हळूहळू, त्यांच्या सांगण्यानं उतरवायची. गेलेली जाणीव बहुतेक परत येत नाही, पण पुढचं नुकसान मंदावतं. गुळाचं तेवढं सांगतो, कारण आपण ऊस पिकवणाऱ्या मुलखातले लोक आणि "गूळ चालतो हो" म्हणणारा पाहुणा प्रत्येक घरात असतो. चालत नाही. रक्तात गेला की गूळ आणि साखर सख्खे भाऊ.

तंबाखूचंही तसंच. निपाणी तंबाखूवर मोठी झाली, माझ्या आजोबांच्या उधारीच्या वहीत निम्मी नावं वखारीतल्या माणसांची होती, त्यामुळं हे लिहिताना हात जड होतो. पण विडी असो, चुन्याबरोबरचा बार असो की बायकांची मशेरी, निकोटीननं रक्तवाहिन्या आवळतात. आधीच उपाशी असलेल्या पायाच्या तोंडचा घास काढण्यासारखं ते आहे. मी बार सोडला तो जखमेनं. उपदेशानं सोडला नसता.

एक तपासणी मात्र मागून घ्या: बी-१२ जीवनसत्त्वाची. मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी बरीच वर्षं घेतली की शरीरात बी-१२ कमी होऊ शकतं, आणि शाकाहारी माणसात ते बऱ्याचदा आधीच कमी असतं. त्याच्या कमतरतेनंही पाय अगदी असेच बधिर होतात. माझं १६० निघालं, आणि २०० च्या खाली म्हणजे कमी. इंजेक्शनं घेतल्यावर जिभेची आग गेली, थकवा गेला, पायात थोडा फरक पडला. पण तेवढ्यासाठी मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नका, ती चांगली गोळी आहे. आणि औषधाच्या दुकानात "नसांची ताकद" म्हणून मिळणाऱ्या लाल कॅप्सुली बी-१२ कमी असेल तर उपयोगी. नसेल तर दुकानदाराला उपयोगी.

आगीवर औषधं आहेत. प्रिगॅबालिन, गॅबापेंटिन, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन, यांतलं एखादं कमी मात्रेपासून सुरू करतात. ती नस दुरुस्त करत नाहीत, नसेचा ओरडा कमी करतात. पण रात्रीची झोप मिळते, आणि ज्याची झोप गेलीय त्याला ती किती मोठी गोष्ट आहे ते विचारा. मला प्रिगॅबालिननं सुरुवातीला दुकानातच पेंग यायची, घोट्याला सूजही आली. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी मात्रा बदलली. अचानक बंद करायची नाही. मिरचीतल्या तिखट द्रव्याचं, कॅप्सेसिनचं मलमही असतं. हे ऐकून संकेश्वरचा माझा एक गिऱ्हाईक मिरच्या वाटून पायाला लावायला निघाला होता! संकेश्वरी मिरची ठेच्यात ठेवा. मलमही फुटलेल्या कातडीला लावायचं नसतं.

आता रोजचं काम. पाय बोलत नाही म्हटल्यावर त्याची चौकशी डोळ्यांनी आणि हातांनी करायची, आणि ती ठरल्या वेळेला. माझी वेळ रात्रीच्या जेवणानंतरची. दाढीचा जुना आरसा जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवलाय, त्यावर पाऊल धरलं की तळ दिसतो. भेगा, फोड, लाल डाग, काळा ठिपका, एखादी जागा बाकीच्यापेक्षा गरम. मग बोटांच्या बेचक्या एक-एक उघडून बघायच्या. पावसाळ्यात तिथं पांढरं, ओलं, सोललेलं दिसतं, तो चिखल्या म्हणतात तो प्रकार, आणि तिथूनच जंतू आत शिरतात. ज्याला वाकता येत नाही किंवा दिसत नाही त्यानं घरातल्या माणसाला सांगावं. लाज कसली, त्याच घरात आपण सगळ्यांचे पाय चेपलेत.

पाणी कोमट. गरम किती ते पायानं बघायचं नाही, कोपरानं बघायचं. गरम पाण्याची पिशवी, शेकोटी, तापलेली वीट, सगळं बंद. थंडीत पाय गार वाटले तर मोजे घाला. धुतल्यावर बेचक्या कोरड्या करायच्या, त्यासाठी मी जुन्या धोतराचा मऊ तुकडा ठेवलाय. तळ आणि टाचेला खोबरेल किंवा व्हॅसलिन, पण बेचकीत नाही. नखं सरळ कापायची, कोपरे खणायचे नाहीत.

कुरूप आणि घट्टा ब्लेडनं कापू नका. हे मी स्वतः रापीनं करत असे, चामडं सोलायच्या त्याच रापीनं, आणि मला त्याचा अभिमान होता. कुरूपाची चिकटपट्टीही नको, त्यातलं आम्ल चांगली कातडी जाळतं आणि आपल्याला कळत नाही. घट्टा म्हणजे तिथं भार पडतोय याची खूण. त्याच्याखाली जखम तयार होत असते.

देवाचं अनवाणी चालणं हा नाजूक विषय. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माला आमच्या घरातून दरसाल जातात. उन्हात तापलेल्या दगडावर बधिर पाय ठेवला की फोड येतो आणि तो संध्याकाळी घरी आल्यावर दिसतो. मी आता पहाटे जातो, दगड थंड असताना, पायात जाड सुती मोजे घालून. आईनं आजवर हटकलेलं नाही.

आता माझ्या धंद्याचं. गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल, पण खरं सांगतो: ज्याचा पाय बधिर आहे त्यानं कोल्हापुरी घालू नये. कोल्हापुरीच्या जीआय मानांकनात महाराष्ट्राचे चार जिल्हे आहेत तसे कर्नाटकाचेही चार, त्यात आमचा बेळगाव. अथणी-निपाणीकडच्या हातांनी ती घडवली, मला तिचं प्रेम तुमच्यापेक्षा जास्त आहे. पण तिचा तळ कडक, पहिल्या बोटाच्या बेचकीत चपलेचा अंगठा, म्हणजे चामड्याची कडी, घासतो, मागं पट्टा नाही, म्हणून पाऊल धरून ठेवायला बोटं आकसावी लागतात. चांगल्या पायाला ती चार दिवस चावते आणि मग जन्मभर साथ देते. बधिर पायाला ती पहिल्या चार दिवसांतच भोक पाडू शकते. बाथरूमची रबरी स्लिपर तर त्याहून वाईट.

घ्यायची कशी? संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. घरून निघताना कागदावर उभं राहून दोन्ही पावलांची रेघ काढा, कापा आणि तो कागद दुकानात चपलेत घालून बघा. कडेला कागद दुमडला तर ती चप्पल पायाला चिमटणार, दुकानदार काहीही म्हणू दे. बसून बघू नका, उभं राहून बघा, कारण भार पडल्यावर पाऊल पसरतं. पुढं अंगठाभर जागा हवी. आतला थर अंगठ्यानं दाबला की दबला पाहिजे आणि सोडला की परत वर आला पाहिजे. दबून तसाच बसला तर तो नुसता स्पंज, महिन्यात पापड होईल. एमसीआर नावाचं रबर असतं, कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठी वापरात आलेलं, तेच इथं चालतं. खालचा तळ मात्र घट्ट, बाभळीचा काटा आरपार न जाणारा. मागं पट्टा, पुढं रुंद, वर उघडझाप करता येणारी चिकटपट्टी (वेल्क्रो), म्हणजे सूज आली तर सैल करता येते. आत शिवण टोचणारी नको. आणि चुका मारलेला तळ? नाव काढू नका. चिकटवलेला किंवा शिवलेला.

नवी जोडी पहिल्या दिवशी तासभर घाला, काढा, पाय बघा. लाल वळ उठलाय आणि तो अर्ध्या तासात गेला नाही तर परत करा. मी स्वतः अशा जोड्या परत घेतो. आणि रोज, घालण्याआधी, उलटी करून आपटायची आणि आत हात फिरवायचा. आतापर्यंत मला सापडलेलं: खडा, नातीची गोटी, चिंचोका, आणि श्रावणात एकदा विंचवाचं पिल्लू.

एवढं करूनही जखम झाली तर? माझी गोष्ट ऐका आणि तसं करू नका. त्या चुकेच्या जखमेला मी हळद-तेल लावून फडकं बांधलं. चौथ्या दिवशी जवळच्या एका खाजगी दवाखान्यात गेलो, तिथं फडकं न सोडता गोळ्या लिहून दिल्या. मीही सोडा म्हणालो नाही, दुखतच नव्हतं ना. नवव्या दिवशी वास आला, ताप आला, साखर ४०० च्या पुढं. मग चाळीस किलोमीटरवर कोल्हापूर. एक्स-रे काढून हाडापर्यंत गेलंय का बघितलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "दुखत नाही म्हणून तुम्ही चालताय, आणि चालताय म्हणून हे भरत नाही." गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर घालून त्या जागेवरचा भार काढला. अकरा आठवडे. बोट वाचलं.

तेव्हा कातडी फुटलेली दिसली की स्वच्छ पाण्यानं धुवा, कोरडी स्वच्छ पट्टी बांधा, त्या पायावर भार टाकणं बंद करा आणि दुसऱ्या दिवसाच्या आत डॉक्टरला दाखवा. लाली पसरतेय, पू, वास, ताप, बोट काळं, यांतलं काही असेल तर त्याच रात्री. आणि जखम नसताना एक पाऊल अचानक सुजलं, लाल आणि गरम झालं, तर मुरगळलं म्हणून चोळत बसू नका. बधिर पायाची हाडं आतल्या आत मोडून पाऊल बसू शकतं. चालणं थांबवून ताबडतोब दाखवायचं.

पायाखेरीज आतल्या नसाही बिघडतात, ते थोडक्यात. उठताना चक्कर: आधी काठावर बसा, मग उठा. दोन घास खाल्ले की पोट गच्च होणं, लघवी पूर्ण न होणं, घाम भलतीकडंच येणं, हे सगळं डॉक्टरला सांगण्यासारखं आहे. पुरुषांची ताकद कमी होणं हेही यातच येतं. दुकानात किती जण चपलेचा बहाणा करून मला हे विचारतात, डॉक्टरला मात्र विचारत नाहीत. साखर ७० च्या खाली गेली तरी थरथर, घाम जाणवेनासा होतो, म्हणून खिशात तीन चमचे साखरेची पुडी असते माझ्या. आणि छातीत न दुखताही हार्ट अटॅक येऊ शकतो. अचानक दम, थंड घाम, मळमळ असं झालं की अॅसिडिटी म्हणून सोडा पिऊ नका, निघा. गाडीचंही एक: मला मोटारसायकलचा पायातला ब्रेक किती दाबलाय ते कळेनासं झालं, तेव्हा गाडी मुलाला दिली. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जायचा, म्हणून न्हाणीत लोखंडी दांडा बसवून घेतलाय, रात्री बारका दिवा जळतो.

परवा कागलकडचा एक म्हातारा आला, लग्नाला करकर वाजणारी कोल्हापुरी पाहिजे म्हणून. बसवला, मोजमाप घ्यायला पाय हातात घेतला. टाचेला भेग, त्यात बारीक खडा रुतलेला. मी बोटानं दाबला, तो माझ्याशी ऊसबिलाचं बोलतच राहिला. "काका, साखर किती वर्षं?" म्हटलं. तो म्हणाला, "तुला कोण सांगितलं गा?" त्याला चप्पल दिली नाही. कागदावर दोन्ही पावलांची रेघ काढून दिली, मागच्या बाजूला डॉक्टरांना विचारायच्या गोष्टी लिहिल्या: दोऱ्याची तपासणी, बी-१२, खडा काढून जखम बघणे. आणि सांगितलं, दवाखान्यात जाताना रोज घालता तीच चप्पल घालून जा, नवी नको. पाय कुठं घासतोय ते तिच्या तळावर दिसतं.